आत्याबाईच्या मिशा आणि इंग्रजीतलं ‘इफ’: जर-तरची वाक्यं खेळत कशी शिकावी

‘लवकर उठला असतास तर गाडी चुकली नसती.’ ‘बाजारात गेलीस तर कोथिंबीर आण.’ ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!’ मराठी घरात सकाळपासून रात्रीपर्यंत जर-तर चालू असतं. पाच वर्षांचं मूलसुद्धा ‘तू गोष्ट सांगितलीस तर मी झोपेन’ असा सौदा बिनचूक मांडतं. आणि तेच मूल पुढे शाळेत ‘कंडिशनल सेंटेन्सेस’ या धड्यापाशी येऊन अडतं. कारण धडा सुरू होतो तक्त्यापासून: झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि प्रत्येकासमोर बेरजेच्या खुणा घातलेलं सूत्र. तक्ता पाठ होतो, परीक्षेत गाळलेल्या जागा भरल्या जातात, आणि बोलायची वेळ आली की तोंडातून निघतं, ‘इफ आय विल गो...’

मी बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्यांनाच इंग्रजी शिकवते, आणि माझं ठाम मत आहे की हा तक्ता शेवटी यायला हवा. आधी म्हणी, भेंड्या, भांडणं आणि क्रिकेट. जर-तरचा विचार आपल्याला येतोच. इंग्रजी तो कोणत्या क्रियापदावर टांगते एवढंच नवं आहे, आणि ते खेळताना अंगवळणी पडतं.

या लेखातली इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. ती आधी मोठ्यानं म्हणा. स्पेलिंगसकट वहीत उतरवणं त्यानंतर.

पहिली पायरी: आधी आपली मराठी ऐका

एक दिवस फक्त कान उघडे ठेवा. घरात, बसमध्ये, फोनवर कानावर पडणारी जर-तरची वाक्यं कागदावर टिपून ठेवा. संध्याकाळी त्यांच्याकडे पाहिलंत की तीन गोष्टी दिसतील.

पहिली म्हणजे आपण बोलताना ‘जर’ बहुतेक वेळा गाळतो, ‘तर’ मात्र सोडत नाही. ‘पाऊस आला तर जाणार नाही.’ इंग्रजीचं नेमकं उलटं आहे. तिथे ‘इफ’ हवंच, आणि ‘देन’ बहुधा गाळतात. ‘इफ इट रेन्स, आय वोन्ट गो.’ प्रत्येक वाक्यात ‘देन’ घातलं तर ते चुकीचं ठरत नाही, पण पाठ केलेलं वाटतं. शिवाय इंग्रजीत वाक्य उलटंही फिरवता येतं: ‘आय वोन्ट गो इफ इट रेन्स.’ ‘इफ’चा भाग आधी असेल तर लिहिताना मधे स्वल्पविराम द्यायचा, नंतर असेल तर सहसा द्यायचा नाही. विरामचिन्हांचं प्रकरण इथेच संपलं.

दुसरी गोष्ट ‘की’ आणि ‘तर’ची. ‘बाबा आले की सांगते’ म्हणजे बाबा येणार हे नक्की. ‘बाबा आले तर सांगते’ म्हणजे येतील किंवा येणारही नाहीत. पहिल्याला इंग्रजीत ‘व्हेन’, दुसऱ्याला ‘इफ’. हा फरक आपल्या कानाला इतका पक्का माहीत आहे की वेगळा शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ‘पाऊस आला तर’ यातलं ‘आला’ हे रूप भूतकाळाचं आहे, पण आपण बोलतोय उद्याबद्दल! म्हणजे क्रियापदाचं रूप आणि प्रत्यक्षातला काळ वेगवेगळे असू शकतात, हे मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक आहे. इंग्रजीही हेच करते, फक्त दुसऱ्या ठिकाणी. उद्याच्या शक्य गोष्टीला इंग्रजी वर्तमानकाळ लावते: ‘इफ इट रेन्स’. आणि भूतकाळाचं रूप ती ठेवते कल्पनेतल्या गोष्टींसाठी: ‘इफ आय हॅड विंग्ज’, मला पंख असते तर. हे एकदा डोक्यात बसलं की ‘आजची गोष्ट आणि भूतकाळ कसा?’ हा प्रश्न उरत नाही. वास्तवापासून जितकं लांब जाल तितकं इंग्रजी क्रियापद एकेक पाऊल मागे सरकतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यावर उभ्या आहेत.

दुसरी पायरी: म्हणींचं इंग्रजी

नेहमी खरं असणाऱ्या गोष्टींना पुस्तकात झिरो कंडिशनल म्हणतात. दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ. पुस्तकात उदाहरण ठरलेलं: ‘इफ यू हीट वॉटर टू १०० डिग्रीज, इट बॉइल्स.’ हे समुद्रसपाटीवर खरं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळतं. म्हणून मला याहून आवडणारं वाक्य: ‘इफ यू गो हायर, वॉटर बॉइल्स ॲट अ लोअर टेम्परेचर.’ व्याकरण तेच, आणि सांगण्यासारखंही काही आहे.

पण नेहमी खऱ्या असणाऱ्या गोष्टींचा आपला मोठा साठा म्हणजे म्हणी. चार-पाच जण बसा. एकानं म्हण म्हणायची, बाकीच्यांनी तिचं ‘इफ’ लावून इंग्रजी करायचं. शब्दशः झालं तरी चालेल, हसू आलं तर उत्तमच.

‘असतील शिते तर जमतील भुते’: ‘इफ देअर इज राइस, द घोस्ट्स गॅदर.’
‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’: ‘इफ देअर इज नो वॉटर इन द वेल, हाउ कॅन देअर बी एनी इन द बकेट?’
‘कर नाही त्याला डर कशाला?’: ‘इफ यू डू नथिंग राँग, यू हॅव नथिंग टू फिअर.’

शेवटच्या म्हणीत ‘जर’ही नाही आणि ‘तर’ही नाही, तरी अट आहे. अशा म्हणींमधली लपलेली अट हुडकून काढणं हा खेळातला सर्वांत रंगणारा भाग.

आता ‘शिवाय’ असलेल्या म्हणी वेगळ्या काढा. ‘मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही.’ ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.’ या तीन म्हणींत ‘अनलेस’ पूर्ण शिकून होतं. ‘अनलेस यू डाय, यू डोन्ट सी हेवन.’ ‘अ स्टोन डझन्ट बिकम अ गॉड अनलेस इट टेक्स द चिझल.’ ‘अनलेस द बेबी क्राइज, इव्हन इट्स मदर डझन्ट फीड इट.’

‘अनलेस’च्या पोटातच नकार आहे, म्हणून त्याच भागात ‘डोन्ट’ घातलं की वाक्य उलटं होतं. ‘अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल’ याचा अर्थ होतो, अभ्यास केलास तर नापास होशील! परीक्षेत ‘इफ’चं ‘अनलेस’ करा म्हटलं की इथेच गुण जातात. उत्तर लिहिण्याआधी मनात ‘शिवाय’ लावून बघा. ‘अभ्यास न केल्याशिवाय’ असं आपण कधी म्हणत नाही, मग इंग्रजीतही म्हणायचं नाही. ‘नाहीतर’ मात्र वेगळं. ‘ऊठ, नाहीतर बस चुकेल’ याला ‘अनलेस’ची गरजच नाही: ‘गेट अप, ऑर यू विल मिस द बस.’

तिसरी पायरी: वाक्यांच्या भेंड्या

उद्या घडू शकेल अशा गोष्टींचं वाक्य म्हणजे फर्स्ट कंडिशनल. ‘इफ’च्या भागात साधा वर्तमानकाळ, दुसऱ्या भागात ‘विल’. मराठी माणसाच्या दोन चुका इथे ठरलेल्या. एक, दोन्हीकडे ‘विल’. दोन, ‘आला तर’मधल्या ‘आला’ला भुलून ‘इफ द बस केम, आय विल गो’. दोन्हींवर एकच औषध, भेंड्या.

गावांच्या भेंड्यांत शेवटचं अक्षर घेतो, तसा इथे शेवटचा तुकडा घ्यायचा. पहिल्यानं वाक्य टाकायचं, पुढच्यानं त्याच्या दुसऱ्या भागाला ‘इफ’ लावून नवं वाक्य करायचं.

‘इफ आय स्लीप लेट, आय विल वेक अप लेट.’
‘इफ आय वेक अप लेट, आय विल मिस द ८:१२ लोकल.’
‘इफ आय मिस द ८:१२ लोकल, आय विल हॅव टू टेक द ८:२७.’
‘इफ आय टेक द ८:२७, आय वोन्ट गेट अ सीट.’
‘इफ आय डोन्ट गेट अ सीट, आय विल स्टँड टिल ठाणे.’

प्रत्येक उडीत ‘विल’ गळून पडतं. ‘आय विल मिस’चं ‘इफ आय मिस’ होतं. ‘वोन्ट गेट’चं ‘डोन्ट गेट’ होतं. व्याकरणाचा नियम शब्दांत न सांगता जिभेला कळतो, आणि तो सहसा विसरत नाही. जो ‘इफ’नंतर ‘विल’ म्हणेल तो बाद. वेगानं खेळा. सावकाश खेळलं तर माणूस विचार करून बरोबर बोलतो, आणि आपल्याला तर विचार न करता बरोबर बोलायचंय.

जाता जाता एक अपवाद. ‘इफ यू विल जस्ट वेट अ मिनिट’ असं वाक्य कधी कानावर पडेल. तिथे ‘विल’चा अर्थ ‘जरा थांबाल का’ अशी विनंती असा आहे. ओळखता आलं की पुरे, वापरायची घाई नको.

दुसऱ्या भागात दर वेळी ‘विल’च हवं असंही नाही. आज्ञा चालते, ‘कॅन’ चालतं, ‘मे’ चालतं. ‘बाजारात गेलीस तर कोथिंबीर आण’ हे थेट ‘इफ यू गो टू द मार्केट, ब्रिंग सम कोरिअँडर’. घरात मुलांशी होणारे सगळे सौदे याच साच्यातले: ‘इफ यू फिनिश युवर होमवर्क, यू कॅन प्ले.’ मूल इंग्रजी शिकत असेल तर दिवसातला एक सौदा इंग्रजीत करा. मुलाला हवी ती गोष्ट मिळवायची असते, त्यामुळे तो जीव लावून बोलतो. गाळलेल्या जागेत कुणी जीव लावत नाही.

चौथी पायरी: कल्पनात्मक निबंध पुन्हा लिहा

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं हे निबंध लिहिलेत: ‘मी पंतप्रधान झालो तर’, ‘परीक्षा नसत्या तर’, ‘झाडे बोलू लागली तर’, ‘सूर्य उगवला नाही तर’. सेकंड कंडिशनलसाठी याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला दिसत नाही. ‘इफ’च्या भागात साधा भूतकाळ, दुसऱ्या भागात ‘वुड’. अर्थ मात्र आजचा किंवा उद्याचा, आणि गोष्ट कल्पनेतली.

मराठी शीर्षकांमध्ये एक खोड आहे. ‘झालो तर’, ‘लागली तर’, ‘उगवला नाही तर’ ही रूपं तीच आहेत जी आपण ‘पाऊस आला तर’मध्ये वापरतो. मराठीला इथे फरक करावासा वाटत नाही, संदर्भ सांभाळून घेतो. इंग्रजीला तुमच्याकडून आधी उत्तर हवं असतं: हे होईल असं तुम्हाला वाटतं का? उमेदवार सभेत म्हणेल, ‘इफ आय विन, आय विल बिल्ड अ रोड.’ सातवीतली मुलगी निबंधात म्हणेल, ‘इफ आय वेअर द प्राइम मिनिस्टर, आय वुड बिल्ड अ लायब्ररी इन एव्हरी व्हिलेज.’ उमेदवारानंच ‘इफ आय वन, आय वुड’ म्हटलं तर ऐकणारा ओळखेल की गड्याचा स्वतःवरच विश्वास नाही. दोन्ही वाक्यं व्याकरणात बसतात. बदलते ती बोलणाऱ्याची खात्री.

‘आय’बरोबर ‘वेअर’ का, असं विचारणारे हमखास भेटतात. कल्पनेतलं ‘असणं’ सांगताना इंग्रजी सगळ्यांना ‘वेअर’ लावते: आय वेअर, शी वेअर, इट वेअर. बोलण्यात ‘इफ आय वॉज’ भरपूर ऐकू येतं आणि कुणी अडवत नाही. परीक्षेत आणि अर्जात ‘वेअर’ लिहा. ‘इफ आय वेअर यू’, म्हणजे ‘मी तुझ्या जागी असते तर’, हे चार शब्द तर पाठच करून टाका, कारण सल्ला द्यायची सवय आपल्यात कुणाला नाही?

खेळ कोड्यांचा. एकानं मनात एक वस्तू धरायची आणि आपण ती असतो तर काय झालं असतं ते सांगायचं. बाकीच्यांनी ओळखायचं.

‘इफ आय वेअर धिस थिंग, आय वुड स्लीप फ्रॉम ऑक्टोबर टू मे.’ (छत्री)
‘इफ आय वेअर धिस थिंग, पीपल वुड ब्रेक मी इन फ्रंट ऑफ गॉड.’ (नारळ)
‘इफ आय वेअर धिस थिंग, यू वुड कट मी, बट यू वुड क्राय.’ (कांदा)

या खेळात ‘वुड’ इतक्या वेळा येतं की त्याची भीतीच जाते. लहान मुलं तर ओळखण्यापेक्षा कोडी रचण्यात जास्त रमतात, आणि रचताना शिकणं जास्त होतं. आत्याबाईचीही जागा इथेच: ‘इफ आंटी हॅड अ मस्टॅश, वी वुड कॉल हर अंकल.’ तिला मिशा नाहीत, येणारही नाहीत, म्हणून ‘हॅड’ आणि ‘वुड’.

पाचवी पायरी: आज की काल?

पुढे जाण्याआधी इथे जरा थांबा. माझ्या अनुभवात मराठी माणूस थर्ड कंडिशनलला, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टींच्या जर-तरला, जो घाबरतो, त्याचं मूळ इथे आहे.

‘पैसे असते तर घेतलं असतं.’ हे वाक्य आजचं की कालचं? सांगता येत नाही. दुकानात आत्ता उभे राहून साडीकडे बघतानाही हेच म्हणतो आणि गेल्या वर्षी हातचा गेलेला फ्लॅट आठवतानाही हेच म्हणतो. मराठीत ‘असता तर... असतं’ या एका साच्यात दोन्ही काळ मावतात. इंग्रजीत त्यांची दोन घरं आहेत. आजचं असेल तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय इट.’ कालचं असेल तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट इट.’

म्हणून भाषांतर करण्याआधी मराठी वाक्यात ‘आज’ किंवा ‘काल’ घालून बघायचं. खेळ सोपा आहे. एक जण ‘असता तर’चं वाक्य टाकतो, दुसरा ओरडतो ‘आज!’ किंवा ‘काल!’, आणि तिसरा त्याप्रमाणे इंग्रजी करतो. मग तेच वाक्य दुसऱ्या काळाचं करून पुन्हा.

‘वेळ असता तर आले असते.’ आज: ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.’ काल: ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.’
‘पत्ता माहीत असता तर सांगितला असता.’ आज: ‘इफ आय न्यू द ॲड्रेस, आय वुड टेल यू.’ काल: ‘इफ आय हॅड नोन द ॲड्रेस, आय वुड हॅव टोल्ड यू.’

‘हॅड हॅड’ ऐकून मुलं खिदळतात. खिदळू द्या. पहिलं ‘हॅड’ मदतीला आलेलं, दुसरं ‘हॅव’चं तिसरं रूप. छपाईची चूक नाही, हे एकदा सांगितलं की झालं.

सहावी पायरी: दूध कोणामुळे उतू गेलं?

थर्ड कंडिशनल म्हणजे घडून गेलेली, आता बदलता न येणारी गोष्ट. ‘इफ’च्या भागात ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप, दुसऱ्या भागात ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप. सूत्र लांबलचक, पण याचा सराव आपल्या घरात रोज होतो. त्याला आपण भांडण म्हणतो.

समजा, दूध उतू गेलंय. दोष दुसऱ्यावर ढकलायचा, पण इंग्रजीत आणि याच साच्यात.

‘इफ यू हॅड वॉच्ड द मिल्क, इट वुडन्ट हॅव बॉइल्ड ओव्हर.’
‘आय वुड हॅव वॉच्ड इट इफ द फोन हॅडन्ट रंग.’
‘द फोन वुडन्ट हॅव रंग इफ यू हॅड कॉल्ड युवर सिस्टर यस्टरडे.’
‘आय वुड हॅव कॉल्ड हर इफ यू हॅड रिचार्ज्ड माय मोबाइल.’

जो अडखळेल त्यानं ओटा पुसायचा. विषय बदलत राहा: गाडी चुकली, पोळी करपली, मॅच हरलो, पाहुण्यांसमोर कुकरची शिट्टी उडाली.

या खेळात ज्यांची गाडी अडते त्यांना बहुतेक वेळा साचा माहीत असतो, तिसरं रूप आठवत नाही. पूर्ण यादी घेऊन बसू नका. गॉन, कम, सीन, नोन, टोल्ड, ईटन, टेकन, गिव्हन, ब्रोकन, फरगॉटन, बॉट, कॉट, लेफ्ट, मेट, हर्ड, एवढी जिभेवर असली तरी घरातलं जवळजवळ कुठलंही भांडण निभतं. ‘हॅड केम’ आणि ‘हॅड वेन्ट’ या दोघांवर तेवढं लक्ष ठेवा.

आणि ‘इफ’च्या भागात ‘वुड’ नाही. ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या तोंडीही ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत आणि परीक्षेत ते चूक धरतात. तसंच ‘वुड हॅव’चं ‘वुड ऑफ’ लिहिणं. ऐकायला दोन्ही जवळजवळ सारखंच, म्हणून ही चूक इंटरनेटवर सर्रास दिसते.

सातवी पायरी: क्रिकेट आणि पानिपत

साचा बसला की मोठ्या विषयांकडे जा, कारण जर-तर मनापासून बोलायचं तर विषयही मनातला हवा. २०१९ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी घ्या. मँचेस्टरला न्यूझीलंडविरुद्धचा सामना पावसामुळे ९ जुलैला थांबला आणि १० जुलैला पूर्ण झाला. २४० धावा हव्या होत्या, गप्टिलच्या थेट फेकीवर धोनी ५० वर धावबाद झाला आणि भारत १८ धावांनी हरला.

‘इफ इट हॅडन्ट रेन्ड ऑन द नाइन्थ, द मॅच वुड हॅव फिनिश्ड द सेम डे.’
‘इफ गप्टिल हॅड मिस्ड द स्टम्प्स, इंडिया माइट हॅव वन.’

दुसऱ्या वाक्यात ‘वुड’ऐवजी ‘माइट’ आलं. जिंकलोच असतो असं छातीठोक सांगता येत नाही, कदाचित जिंकलो असतो. ‘वुड हॅव’ खात्रीचं, ‘माइट हॅव’ शक्यतेचं, ‘कुड हॅव’ जमण्यासारखं होतं असं सांगणारं. चर्चा प्रामाणिक हवी असेल तर हे तीन शब्द वेगळे ठेवावेत.

पानिपत तर मराठी माणसाचं सर्वांत जुनं जर-तर. १४ जानेवारी १७६१. शाळेतल्या मुलांनाही इथे मतं असतात, आणि मत असलं की माणूस परक्या भाषेतही बोलायला धजावतो. ‘इफ विश्वासराव हॅडन्ट बीन किल्ड, द आर्मी माइट नॉट हॅव स्कॅटर्ड.’ ‘इफ थाउजंड्स ऑफ पिलग्रिम्स हॅडन्ट ट्रॅव्हल्ड विथ द आर्मी, इट वुड हॅव मूव्ह्ड फास्टर.’ कुणी माधवरावांवर येईल, ज्यांचा १७७२ मध्ये थेऊरला अवघ्या २७ व्या वर्षी मृत्यू झाला. दोन गट करा, एकानं वाक्य मांडायचं, दुसऱ्यानं ‘इव्हन इफ’ लावून खोडायचं: ‘इव्हन इफ माधवराव हॅड लिव्ह्ड लाँगर, द ब्रिटिश वुड हॅव कम.’ ‘इव्हन इफ’ म्हणजे ‘जरी’. अशी वादसभा एकदा रंगली की तास कमी पडतो.

याच वादात मिश्र प्रकार आपोआप सापडतो: अट कालची, परिणाम आजचा. ‘इफ द मराठाज हॅड वन ॲट पानिपत, अवर हिस्टरी टेक्स्टबुक्स वुड लुक डिफरंट टुडे.’ पहिला भाग थर्डचा, दुसरा सेकंडचा. मराठी वाक्यात ‘तेव्हा’ आणि ‘आज’ दोन्ही आले की हे रूप.

कानासाठी

लिहिता यायला लागलं तरी ऐकताना हे सगळं निसटतं, कारण बोलणारे ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोघांनाही एका ‘ड’वर आणून ठेवतात. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम.’ पहिला ‘ड’ ‘हॅड’चा, दुसरा ‘वुड’चा. ओळखायची खूण ‘ड’नंतर येणाऱ्या शब्दात आहे: नंतर ‘हॅव’ किंवा मूळ क्रियापद असेल तर ‘वुड’, तिसरं रूप असेल तर ‘हॅड’. ‘वुड हॅव’चं ‘वुडव’ होतं, ‘कुड हॅव’चं ‘कुडव’. टाळ्या वाजवत एका ठेक्यात म्हणा: इफ आयड नोन, आयडव गॉन, इफ आयड सीन, आयडव टोल्ड. जोर फक्त ‘नोन, गॉन, सीन, टोल्ड’वर. ठेका बसला की ऐकूही यायला लागतं.

कार्यालयात उपयोगी पडेल तेवढं

‘खिडकी उघडली तर चालेल का?’ या मराठीत जी अदब आहे तीच इंग्रजी सेकंड कंडिशनलनं आणते: ‘वुड यू माइंड इफ आय ओपन्ड द विंडो?’ ईमेलमध्ये ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द फाइल’ हे ‘सेंड द फाइल’पेक्षा कितीतरी बरं. औपचारिक पत्रांत ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणलेलं दिसेल: ‘शुड यू नीड एनी हेल्प’, ‘हॅड आय नोन’. अर्थ ‘इफ’चाच. वाचताना ओळखा, गप्पांत वापरलंत तर अवघडल्यासारखं होईल.

आणि मराठीत आपण अर्धंच सोडून देतो ते वाक्य, ‘तू आली असतीस तर...’, त्याला इंग्रजीत ‘आय विश’: ‘आय विश यू हॅड कम.’ आजची इच्छा असेल तर एक पाऊल अलीकडे: ‘आय विश आय हॅड टाइम.’ सेकंड आणि थर्ड येत असतील तर यात नवं काही शिकायचं नाही.

आता तक्ता

नेहमीचं सत्य: इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.
शक्य, पुढचं: इफ इट रेन्स, आय विल स्टे होम.
कल्पना, आजची: इफ आय हॅड विंग्ज, आय वुड फ्लाय.
घडून गेलेलं: इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.

एका पायरीला साधारण आठवडा द्या, पाचवीला दोन. रोज पंधरा मिनिटं पुरतात, पण एकट्यानं नको, समोर कुणीतरी हवं. कुणीच नसेल तर दिवसभरात घडलेल्या एका गोष्टीवर रात्री चार प्रकारांत चार वाक्यं फोनवर रेकॉर्ड करून ऐका.

शेवटी सहा वाक्यं. उत्तरं झाकून आधी स्वतः करा, आणि गरज वाटेल तिथे ‘आज की काल’ विचारा.

१. साखर संपली असेल तर सांग.
२. तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं.
३. माझं घर समुद्राजवळ असतं तर मी रोज पोहायला गेले असते.
४. आजोबा उठले की चहा ठेव.
५. तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत.
६. लहानपणी गणिताची भीती बसली नसती तर आज मी इंजिनिअर असतो.

उत्तरं: १. इफ वी हॅव रन आउट ऑफ शुगर, टेल मी. २. इफ यू हॅडन्ट टोल्ड मी, आय वुडन्ट हॅव नोन. ३. इफ माय हाउस वेअर निअर द सी, आय वुड गो स्विमिंग एव्हरी डे. ४. व्हेन ग्रँडपा वेक्स अप, मेक टी. इथे ‘इफ’ नाही, आजोबा उठणारच आहेत. ५. दे डोन्ट लेट यू इन अनलेस यू हॅव अ टिकिट. ६. इफ आय हॅडन्ट बिकम अफ्रेड ऑफ मॅथ्स ॲज अ चाइल्ड, आय वुड बी ॲन इंजिनिअर टुडे.